सारखा चुकणारा प्रोब

पहाटे ५.४०

नगरजवळच्या देहरे गावाबाहेरची वस्ती. मे महिना. या वेळेला हवा बरी असते, पुढच्या बारा तासांत परत अशी मिळत नाही.

दोन गाईंची धार काढून झाली आहे. किटली मोटरसायकलच्या हँडलला अडकवून गडी डेअरीवर येतो. त्याचं नाव इथे नको. कारखान्यात सगळे त्याला ‘सीएमएमवाले भाऊ’ म्हणतात, आपणही भाऊच म्हणू.

डेअरीतला पोरगा किटलीतलं चमचाभर दूध मशीनला लावतो. खर्रर्र करत चिठ्ठी बाहेर येते. फॅट ३.४, एसएनएफ ८.४. भाव ठरलेला असतो ३.५ आणि ८.५ ला. एक-एक पॉइंट खाली, तेवढे पैसे कमी. भाऊ चिठ्ठी वाचतात, दुमडतात, खिशात घालतात. बोलत काही नाहीत.

सकाळी ६.२०

मनमाड रस्ता. कांद्याचे ट्रक, कंटेनर, मध्येच एखादी शाळेची रिकामी बस. विळद घाट ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला शेड दिसायला लागतात. नागापूर एमआयडीसी. जाऊन-येऊन पेट्रोल चाळीस-पन्नास रुपयांचं. आधी कंपनीची गाडी होती. आता नाही.

फाटकाजवळच्या टपरीवर कट चहा, दहा रुपये. भाऊ उभ्यानेच पितात. शेजारी रात्रपाळी सुटलेली पोरं वडापाव खातायत. डोळे लाल.

सकाळी ६.५०

गेटवर अंगठा. मशीनने पहिल्यांदा नाही म्हटलं. अंगठ्यावर दुधाचा ओशटपणा होता. पँटला पुसून परत लावला, हिरवा दिवा लागला.

शेड फार मोठी नाही. आठ सीएनसी, तीन व्हीएमसी, एक जुनी लेथ. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपांची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी इथे मशीन होते. कास्टिंग बाहेरून येतं, बोअर-फेस-होल इथे पडतात आणि माल चाकणकडे जातो. एका नगाला मजुरी नव्वद रुपये. नग रिजेक्ट झाला की नव्वद तर जातातच, कास्टिंगचे पैसेही बिलातून कापले जातात.

शेडच्या कोपऱ्यात काचेची खोली. दारावर पाटी: ‘चपला बाहेर. कामाशिवाय येऊ नये.’ आत सीएमएम. कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन हे पूर्ण नाव कोणी घेत नाही. या खोलीत भाऊंची बारा वर्षं गेली. त्याआधी आयटीआय, मग संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये थोडं शिक्षण. पगार हातात तेवीस हजार. ओव्हरटाइम झाला तर वेगळा.

सकाळी ७.००

आत शिरलं की गारवा लागतो. भिंतीवरचा आकडा २०.३. वीस अंश हवेत. हे इथल्या कोणी ठरवलेलं नाही. जगभर लांबी मोजायची ती वीस अंशांवर. आयएसओचं एक नंबरचं मानक याच गोष्टीचं आहे.

भाऊ मला दाराजवळच्या स्टुलावर बसवतात. ‘मशीनजवळ येऊ नका. माणूस म्हणजे शंभर वॅटचा बल्ब. दोघंतिघं वाकून बघायला लागले की माझा काटा हलतो.’

मी बसतो.

पहिलं काम पुसण्याचं. मशीनचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, त्यावर हात फिरवला तर काही लागत नाही. तरी पांढऱ्या कपड्यावर करडी रेघ उमटते. नगरची धूळ. दार दोनदा उघडलं तरी आत येते. कपडा स्पिरिटमध्ये भिजवलेला, धागे न सुटणारा. साध्या चिंधीचा धागा अडकला तर तो मोजणीत येतो.

मग हवेचा काटा. पाच बार. हे मशीन चाकांवर चालत नाही. दगडावर हवेचा पातळ थर सोडतात आणि त्यावर ते तरंगतं. हवेत पाणी आलं, तेल आलं की तरंगणं बिघडतं. भाऊ फिल्टरच्या बाटलीतलं पाणी सोडतात. दोन थेंब पडतात. ‘पावसाळ्यात कपभर निघतं.’

बटण. मशीन उठल्यासारखं होतं, हळूच कोपऱ्यात जाऊन आपलं शून्य शोधतं.

सकाळी ७.२०

आता प्रोब.

मशीनच्या सोंडेला खाली एक बोटभर नळकांडं असतं, तो प्रोब. त्याला खाली आट्यांनी एक काडी बसवलेली असते, ती स्टायलस. काडीच्या टोकाला लाल मणी. मणी माणकाचा, पण अंगठीतल्यासारखा नाही. कारखान्यात बनवलेला, दोन मिलिमीटरचा आणि गोल. किती गोल? चांगल्या प्रतीच्या मण्यात गोलाईची चूक मायक्रॉनच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी चालते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

अशी एक काडी तीन-साडेतीन हजारांना पडते. कार्बाइडची दांडी असेल तर जास्त.

भाऊ घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावतात आणि मणी फिरवत बघतात. मला बोलावतात. ‘दिसतंय? त्या बाजूला.’ लाल गोळ्यावर एका ठिकाणी राखाडी ठिपका. अ‍ॅल्युमिनियम. हजारो वेळा टेकून टेकून ते मण्याला चिकटतं. बोटाला कळत नाही, नुसत्या डोळ्यालाही दिसत नाही. पण मणी त्या बाजूला दोन मायक्रॉन जाड होतो आणि प्रत्येक बोअर तेवढा लहान दिसायला लागतो.

कापसाची काडी, दोन थेंब स्पिरिट, हलक्या हाताने पुसणं. ठिपका जातो. गेला नसता तर काडी बदलायची. सारखं अ‍ॅल्युमिनियमच मोजणाऱ्यांसाठी सिलिकॉन नायट्राइडचा काळा मणी मिळतो, त्याला हे चिकटत नाही. पण तो पोलादावर झिजतो. इथे दोन्ही जॉब येतात, म्हणून माणिक.

सकाळी ७.४०

ओट्यावर एका खांबावर पांढरा गोळा आहे. सिरॅमिकचा. हा मास्टर बॉल. त्याचं प्रमाणपत्र फाईलमध्ये आहे. व्यास चार दशांश स्थळांपर्यंत लिहिलेला. त्या कागदावर एनएबीएलची खूण. म्हणजे या गोळ्याचं मोजमाप पायरीपायरीने वर जात देशाच्या मीटरपर्यंत, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचतं.

रोज सकाळी प्रोबने या गोळ्याला पंचवीस ठिकाणी टेकायचं. वरून, बाजूने, तिरकं. टक. मागे. टक. मागे. प्रत्येक टेकण्याला एक बारीक ‘पिक’ असा आवाज.

‘गोळा केवढा ते आपल्याला माहीत आहे,’ भाऊ सांगतात. ‘मग प्रोब किती खोटं बोलतो ते कळतं.’

प्रोबच्या पोटात काय आहे, ते त्यांनी मला स्टुलावरून समजावलं. माझ्याच स्टुलावरून. तो तीन पायांचा आहे.

प्रोबच्या आत अशीच एक बारकी तिवई असते. तिचा प्रत्येक पाय दोन गोळ्यांच्या खाचेत बसतो. तीन पाय, सहा टेकू. वरून स्प्रिंगचा दाब. या सहा टेकूंमधून बारीक वीज वाहते. मणी जॉबला लागला की तिवई किंचित कलते, एखादा टेकू सैल होतो, वीज अडखळते. त्या क्षणी मशीन आपल्या पट्टीवरचा आकडा धरून ठेवतं. मणी मागे आला की स्प्रिंग तिवईला परत खाली बसवते, नेमकं आधीच्याच जागी. चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिवई कधी डुगडुगत नाही. प्रोबची सगळी करामत एवढ्यावर उभी आहे.

‘आणि खोटही तिथंच आहे,’ भाऊ म्हणतात. ‘जरा पुढं झुका बरं.’

मी दोन पायांच्या मधल्या दिशेला झुकतो. स्टूल लगेच उचललं जातं. मग एका पायाच्या दिशेला झुकतो. आता जोर लागतो. साधारण दुप्पट.

प्रोबचंही तेच. काही दिशांना तो पटकन कलतो, काही दिशांना उशिरा. तेवढ्यात काडी वाकते. जिथे जोर जास्त लागतो तिथे वाक जास्त. म्हणून अगदी गोल गोळा मोजला तरी आकडे किंचित त्रिकोणी येतात. तीन फुगवटे, तीन खोलगट. मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा खेळ. काडी लांब केली की तो वाढतो.

पंचवीस टेकणी झाली. पडद्यावर मण्याचा व्यास १.९९१४. मणी दोन मिलिमीटरचा आहे, पण प्रोब उशिरा बोलतो, म्हणून तो लहान दिसतो. हे चालतं. हाच आकडा मशीन पुढे दिवसभर वापरणार.

पण खालचा आकडा बघून भाऊ थांबतात. फॉर्म, म्हणजे गोलाईतली चूक, ०.००४१. चार मायक्रॉन.

‘रोज सव्वा येतो.’

सकाळी ८.००

शोध. घाई नाही.

मास्टर बॉल पुसला, परत पंचवीस. ०.००३९. मणी परत भिंगाखाली. स्वच्छ. तडा नाही. काडी आणि मण्याचा डिंक सुटलेला नाही. गोळ्याचा खांब हाताने हलवून पाहिला. घट्ट.

मग रजिस्टर. दुसऱ्या पाळीने काय केलं? तिथे वाकड्या अक्षरात एक ओळ: ‘खोल बोअरसाठी एक्स्टेंशन लावले.’ काढलं का, कधी, हे लिहिलेलं नाही.

भाऊ काडी सोडतात. काडी आणि प्रोबमध्ये पन्नास मिलिमीटरचा जोड तसाच राहिलेला. वर त्याची आटी पूर्ण बसलेली नाही. बारीक पिनने पाव फेरा फिरला. तेवढीच ढील.

ते जोड काढूनच टाकतात. काडी थेट प्रोबला लावतात. पिनने घट्ट करतात, पण मनगट लावत नाहीत, दोन बोटांनीच. आटी दोन मिलिमीटरची आहे. जोर केला की आत तुटते आणि मग काडीचे पैसे राहतात बाजूला, प्रोबच दुरुस्तीला जातो.

‘जेवढे जोड कमी तेवढं बरं. काडी आखूड, जाड आणि मणी मोठा. बास. जॉबमध्ये जाईल एवढीच लांबी घ्यायची.’ त्याच जोराने दाबलं तर दुप्पट लांब काडी आठपट वाकते. निम्म्या जाडीची सोळापट. हे भाऊंनी पुस्तकात वाचलं आणि मग इथे पाहिलं.

परत पंचवीस टेकणी. ०.००१३.

रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘एक्स्टेंशन सैल होते. काढले. कॅलिब्रेशन परत केले. फॉर्म १.३.’ कोणाचं नाव लिहिलं नाही. घड्याळात साडेआठ.

सकाळी ८.४५

दार उघडतं. गरम हवेची झुळूक, मागे सुपरवायझर साहेब. हातात नुकत्याच व्हीएमसीवरून उतरलेल्या दोन बॉड्या.

‘भाऊ, फर्स्ट ऑफ. लवकर द्या, मशीन उभं आहे.’

भाऊ बॉडीला हात लावतात. मग थर्मामीटरची तार लावतात. छत्तीस.

‘तासभर लागेल साहेब.’

‘मशीनचा तासाचा रेट माहीत आहे ना?’

‘माहीत आहे.’

हा संवाद रोजचा आहे. दोघांनाही पाठ आहे. सुपरवायझर पाय आपटत जात नाहीत, नुसते जातात.

हिशेब असा. या बॉडीत दोन बोअर आहेत, त्यांच्यामधलं अंतर १२० मिलिमीटर. त्याला टॉलरन्स अधिक-उणे १५ मायक्रॉन. अ‍ॅल्युमिनियमचा एक मीटर एका अंशाला २३ मायक्रॉन वाढतो. १६ अंश जास्त, १२० मिलिमीटर लांबी. ४४ मायक्रॉन. आत्ता मोजलं तर चांगला नग वाईट दिसेल. त्याहून वाईट म्हणजे वाईट नग चांगला दिसेल.

बॉड्या पत्र्याच्या जाड पाटावर ठेवल्या जातात. वर छोटा पंखा. भाऊ काल संध्याकाळपासून मुरलेले नग उचलतात. मुरलेले हाच शब्द ते वापरतात, लोणच्याचा.

सकाळी १०.००

चहा. खोलीत नाही, बाहेर. शेडमध्ये आता चौतीस अंश.

जुन्या लेथवरचे मामा येऊन बसतात. साठी उलटली, तरी येतात. १९८२ साली नगरच्या एमआयडीसीत लागले. त्यांच्या खिशात अजून एक मायक्रोमीटर असतो, कापडात गुंडाळलेला.

‘आम्ही थाउवर जगलो,’ मामा म्हणतात. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉन. ‘गो आत गेला, नो-गो अडला, माल पास. तुमचं हे यंत्र चार मायक्रॉनसाठी पाऊण तास खातं.’

‘मामा, तुमच्या काळात लूनाचं इंजिन होतं.’

मामा हसतात. नगरमध्ये लूनाचं नाव काढलं की दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या गोष्टी निघतात. लूना आली १९७२ साली. भाऊंकडे यावर एक गोष्ट आहे, ती ते मला बघून सांगतात. हा प्रोबही त्याच सालचा. तिकडे इंग्लंडात कॉन्कॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनाचं काम चालू होतं. त्यातले इंधनाचे बारीक पाइप मोजायचे, तर तेव्हाची मोजायची पिन कडक. ती टेकली की पाइपच सरकायचा. रोल्स-रॉइसमधल्या डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी मग शिवताक्षणी खूण देणारा, दाबला तर स्वतः कलणारा प्रोब केला. पुढच्या वर्षी त्यांनी जॉन डिअर यांच्यासोबत रेनिशॉ कंपनी काढली. आज तिचं भारतातलं ठाणं पुण्यात आहे.

‘म्हणजे लूनाएवढाच म्हातारा,’ मामा म्हणतात. ‘मग अजून चालतोय कसा?’

‘तिवई आहे मामा. बिघडायला आहेच काय त्यात!’

सकाळी १०.३०

मुरलेला नग फिक्स्चरमध्ये बसतो. तीन टेकू खाली, दोन बाजूला, एक हलका चिमटा वरून. घट्ट आवळलं तर बॉडी वाकते आणि वाकलेलीच मोजली जाते.

मशीन आपोआप चालतं, प्रोग्रॅम भाऊंचा. बोअरमध्ये मणी उतरतो. पिक. पिक. पिक. बारा ठिकाणी. मग आणखी खाली, परत बारा.

मी विचारतो, वर्तुळाला तीन बिंदू पुरतात ना?

‘पुरतात. शाळेत पुरतात.’ भाऊ कागदावर तीन टिंबं काढतात. ‘तीन बिंदूंतून वर्तुळ जातंच. म्हणून तीन घेतले की गोलाईची चूक शून्य येते. कायम शून्य. बोअर चेपलेला असला तरी शून्य. खोटा शून्य. त्यात प्रोबही तीन फुगवट्यांचा. तीनच बिंदू त्याच्या फुगवट्यांवर पडले तर बोअर सगळीकडून तेवढाच फसवा, आणि कळणार नाही.’ बारा घेतले की फुगवटे-खोलगट दोन्ही येतात आणि आकडा मध्ये बसतो.

दुसरी गोष्ट ते हात तिरका करून दाखवतात. मणी जॉबला सरळ, काटकोनात टेकला पाहिजे. मशीनला माहीत असतं की मण्याची त्रिज्या एक मिलिमीटर, तेवढी ते वजा करतं. पण एकेकटा बिंदू घेताना मणी दहा अंश तिरका गेला, तर तो टेकतो एका जागी आणि मशीन वजाबाकी करतं दुसऱ्या दिशेने. दहा अंशांना १५ मायक्रॉन जातात. म्हणजे या जॉबचा एका बाजूचा सगळा टॉलरन्स.

तिसरी गोष्ट वेग. सकाळी ज्या वेगाने मास्टर बॉलला टेकलं त्याच वेगाने जॉबला टेकायचं. माल तुंबला की दुसऱ्या पाळीतली पोरं वेग वाढवतात. मशीन काही बोलत नाही, आकडे देतच राहतं. पण प्रोबचा उशीर बदललेला असतो, सकाळची वजाबाकी आता लागू पडत नाही.

‘प्रोब चुकतो. रोज चुकतो,’ भाऊ म्हणतात. ‘पण सारखा चुकला पाहिजे. सारखा चुकणारा सांभाळता येतो. कधी इकडे कधी तिकडे चुकणाऱ्याचं काय करणार?’

या त्रिकोणी खोटेवर औषध निघालंय. ताणमापी प्रोब. त्यात तिवई कलायची वाट बघत नाहीत, आतले बारीक ताणमापक मण्यावर आलेला जोर आधीच ओळखतात. सगळ्या दिशांना जवळजवळ सारखा. फुगवटे फार कमी. शेठनी दोन वर्षांपूर्वी कोटेशन मागवलं होतं. आकडा लाखांत होता. कोटेशन फाईलमध्ये आहे.

दुपारी १२.३०

डबा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. हेल्पर पोरगा घरून फक्त भात आणतो, भाऊ त्याला अर्धी भाकरी देतात. पोरगा कंत्राटावर आहे. बारा तासांची पाळी करतो तेव्हा महिन्याला पंधरा हजार पडतात. त्याला सीएमएम शिकायचंय.

‘काडी मोडली तर पगारातून कापतात का?’ तो विचारतो.

‘माझी एकदा मोडली होती. पहिल्या वर्षी. फिक्स्चरचा बोल्ट प्रोग्रॅममध्ये धरला नव्हता. मशीन थेट जाऊन धडकलं.’

‘मग?’

‘निम्मे कापले. दोन हप्त्यांत.’ भाऊ पाणी पितात. ‘तेव्हापासून नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला की बोट लाल बटणावर.’

पोरगा जेवता जेवता आपल्या बोटाकडे बघतो.

दुपारी १.२०

वीज गेली. दोन सेकंदच. दिवे लुकलुकले आणि परत आले.

शेडमध्ये कोणाला फार फरक पडला नाही. इथे पडला. कॉम्प्रेसर बंद, हवेचा काटा पाचवरून चारवर. मशीन जागच्या जागी थबकलं, मणी बोअरच्या आतच. एसीही बंद पडून परत सुरू होतोय. भिंतीवर २०.९.

भाऊ आधी हवा येऊ देतात. मग हाताने प्रोब वर काढतात, श्वास धरल्यासारखा. मशीन परत कोपऱ्यात जाऊन शून्य शोधतं. परत मास्टर बॉल. पंचवीस टेकणी. फॉर्म १.४. ठीक.

अर्धा नग मोजून झाला होता. भाऊ तो पहिल्यापासून मोजतात. सॉफ्टवेअर ‘पुढे चालू’ म्हणायला तयार होतं.

सकाळच्या दोन बॉड्या केव्हाच मोजून झाल्या. दोन्ही पास, अंतर ६ मायक्रॉन वर. सुपरवायझरनी आकडे नेले, मशीन सुरू केलं, आभार मानले नाहीत. त्यांना पुढचं पडलेलं.

दुपारी २.००

फोन. चाकणहून. गेल्या आठवड्याच्या लॉटमधल्या दोनशे बॉड्या तिकडे अडकल्या आहेत. बोअर ८ मायक्रॉन मोठा येतोय म्हणे.

शेठ स्वतः खोलीत येतात. चपला काढून. दोनशे गुणिले नव्वद त्यांनी येतायेताच केलेलं असतं.

भाऊ वाद घालत नाहीत. कपाटातून लाकडी पेटी काढतात. आत रिंग गेज, पन्नासचा. प्रमाणपत्रावर ५०.०००६. तो ओट्यावर ठेवतात, थांबतात, मोजतात. ५०.००११. अर्धा मायक्रॉन फरक.

‘शेठ, आपलं मशीन बरोबर आहे.’

मग फोन परत लावतात, तिकडच्या ऑपरेटरलाच. साहेबाला नाही.

‘दादा, बोअरला पॉइंट किती घेता?’

‘चार.’

‘काडी केवढी?’

‘शंभरची. आमचा दुसरा जॉब खोल आहे, बदलत नाही आम्ही.’

‘वरून किती खाली घेता?’

‘तोंडालाच. पाच मिलिमीटर.’

भाऊ ड्रॉइंग बघतात. तोंडाला चॅम्फर आहे, त्याच्या लगेच खाली हत्यार शिरताना बोअर किंचित उघडतो. ड्रॉइंगवर मोजायची खोली लिहिलेली आहे. पंधरा.

‘दादा, एक नग आखूड काडीने घ्या ना. बारा पॉइंट, पंधरावर. मी फोनवर आहे.’

पलीकडे बराच वेळ पिक-पिक ऐकू येतं. शेठ भिंतीला टेकून उभे. भिंतीवरचा आकडा २०.३ वरून २०.४ होतो. भाऊ आकड्याकडे बघतात, शेठकडे बघत नाहीत.

पलीकडून आकडा येतो. फरक आठवरून तीनवर आलेला. टॉलरन्सच्या आत. उरलेले तीन कुठले, ते दोघांनाही सांगता येत नाही. दोन मशीन, दोन खोल्या. एवढं राहतंच.

‘सोडतो लॉट,’ दादा म्हणतात. ‘पण मेल टाका, किती पॉइंट, कुठली काडी, किती खोल, सगळं लिहून.’

शेठ जाताना भाऊंच्या खांद्यावर हात ठेवतात. कोटेशनचा विषय निघत नाही.

दुपारी ३.१५

पाळी बदलायची वेळ. भाऊ परत सकाळचंच सगळं करतात. ओटा पुसणं, मणी भिंगाखाली, गोळा. मग फॉर्म. १.३. सकाळी एवढाच होता. म्हणजे मधल्या सगळ्या मोजणीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. आत्ताचा आकडा बिघडला असता, तर दिवसभराचे नग परत काढावे लागले असते.

आज अडतीस नग मोजले. एक रिजेक्ट, दोन रिवर्क.

दुसऱ्या पाळीचा पोरगा येतो. पंचविशीतला. भाऊ त्याला एक्स्टेंशनचं सांगतात. रागावून नाही.

‘लावलं तर लाव. काढलं की लिही. काढलं नाहीस तरी लिही.’

पोरगा मान हलवतो. भाऊ जोड डबीत ठेवतात, डबी कपाटात, किल्ली पोराच्या हातात.

दुपारी ३.४०

गेटबाहेर ऊन अंगावर येतं. एक्केचाळीस असेल. वीस अंशांच्या खोलीतून बाहेर पडलं की डोकं गच्च होतं, त्याची सवय होत नाही म्हणतात. टपरीवर उसाचा रस, वीस रुपये. मोटरसायकलच्या सीटवर आधी पाणी मारावं लागतं.

संध्याकाळी ६.३०

परत धार. परत डेअरी. तोच पोरगा, तेच मशीन. खर्रर्र. फॅट ३.६.

त्याच गाई, तोच चारा. संध्याकाळचं दूध जरा दाट असतंच, हे भाऊंना माहीत आहे. त्यामुळे यात गाईचं किती आणि मशीनचं किती, ते सांगता येत नाही.

‘हे मशीन तपासतात का रे कधी?’ भाऊ विचारतात.

‘येतो की माणूस.’

‘कधी आला होता?’

पोरगा भिंतीकडे बघतो. कारखान्यातल्या त्या काचेच्या दाराला सीएमएमचं प्रमाणपत्र चिकटवलेलं आहे, पुढच्या तपासणीच्या तारखेसकट. इथे भिंतीवर कॅलेंडर आहे.